सोलापूरच्या ४१३००१ या पिनकोडची बेरीज नऊ येते, पण खरी गंमत बेरजेत नाहीच

सोलापुरात राहणाऱ्या माणसानं ऑनलाइन चार्जर मागवला, बँकेत खातं उघडलं किंवा परीक्षेचा फॉर्म भरला, तरी एक रकाना चुकत नाही. तो म्हणजे पिनकोड. शहरात भागांनुसार पिनकोड वेगवेगळे आहेत, पण मुख्य पोस्टाचा पिनकोड आहे ४१३००१.

आता या अंकांची बेरीज करून बघा. चार अधिक एक अधिक तीन अधिक शून्य अधिक शून्य अधिक एक, बरोबर नऊ. एवढं कळलं की व्हॉट्सॲपवर मेसेज फिरायला वेळ लागत नाही. नऊ म्हणजे मंगळाचा अंक, नऊ म्हणजे पूर्णांक, नऊ म्हणजे भाग्य. गाडीच्या नंबरची बेरीज नऊ यावी म्हणून आरटीओत जादा पैसे मोजणारे लोक आहेत. मोबाईलचा नंबर ‘शुभ’ आहे का, हे पैसे घेऊन सांगणारेही आहेत.

पण या बेरजेतून त्या संख्येबद्दल नक्की काय कळतं? आणि संख्येचा खरा स्वभाव ओळखायचा असेल, तर बघायचं कुठं?

आधी हा आकडा आला कुठून?

पिनकोडची पद्धत देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती उभी करणारा माणूस मराठी होता. श्रीराम भिकाजी वेलणकर हे मूळचे कोकणातले, केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे नामवंत कवी. एकाच नावाची ढीगभर गावं आणि वेगवेगळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते यामुळे पोस्टाची दमछाक होत होती. त्यावर सहा अंकांचा हा उपाय निघाला.

पहिला अंक विभाग सांगतो. ‘४’ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचा पट्टा. पहिले तीन अंक मिळून पत्रांची वर्गवारी करणारा जिल्हा ठरतो. हा पोस्टाचा जिल्हा असतो, महसुलाचा नव्हे. म्हणूनच ४१३ ने सुरू होणारे पिनकोड सोलापूरबरोबर लातूर (४१३५१२), धाराशिव (४१३५०१) आणि पुणे जिल्ह्यातल्या बारामतीलाही (४१३१०२) मिळालेत. शेवटचे तीन अंक टपाल पोचवणाऱ्या पोस्ट ऑफिसचे.

थोडक्यात, ४१३००१ हा आकडा भूगोलावरून ठरला. त्यात ग्रह-तारे बघितलेले नाहीत. बेरीज नऊ आली हा योगायोग.

नऊची बेरीज दुर्मीळ असते का?

अजिबात नाही. दहाला नऊने भागलं की बाकी एक उरते. शंभरला, हजाराला, लाखालाही नऊने भागलं की बाकी एकच उरते. त्यामुळे चार लाखांतून चार उरतात, दहा हजारांतून एक, तीन हजारांतून तीन आणि शेवटचा एक. हे सगळं जोडलं की अंकांचीच बेरीज मिळते. म्हणून अंकांच्या बेरजेला नऊने भाग जात असेल, तर संख्येलाही जातो.

याचा अर्थ, बेरीज करत करत शेवटी नऊवर येणारी संख्या दर नऊ संख्यांमागे एक असतेच. ४१३००१ नंतर ४१३०१०, मग ४१३०१९, अशी ही रांग न संपणारी आहे. दर नवव्या माणसाला लागणाऱ्या लॉटरीला कुणी लॉटरी म्हणत नाही.

तरीही अंकांच्या खेळात मजा आहे, आणि त्या खेळाचा बादशहा महाराष्ट्रातलाच. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. १९०५ मध्ये डहाणूला जन्म, फर्ग्युसन कॉलेजात शिक्षण, आणि १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं देवळालीच्या शाळेत मास्तरकी. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं भाग जातो, तिला कापरेकरांनी नाव दिलं ‘हर्षद संख्या’. हर्षद म्हणजे आनंद देणारी. ४१३००१ ला नऊने भागलं की येतात बरोबर ४५८८९. म्हणजे सोलापूरचा पिनकोड हर्षद आहे.

कापरेकरांचा सगळ्यात गाजलेला शोध १९४९ सालचा, ६१७४ चा. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या क्रमानं लावा आणि मोठीतून लहान वजा करा. हेच पुन्हा पुन्हा करत राहिलात की सात पायऱ्यांच्या आत ६१७४ वर पोचता, आणि मग तिथून हलता येत नाही.

सोलापूरच्या पिनकोडवर हाच प्रयोग केला तर? ४३११०० वजा ००११३४ म्हणजे ४२९९६६. पुढे ७४९९४३, मग ६५२६४४, मग ४२०८७६. आणि इथून गाडी रिंगरोडला लागते. ४२०८७६ वरून ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि परत ४२०८७६. सात स्टॉपची ही फेरी कधीच थांबत नाही. सहा अंकी संख्यांना चार अंकी संख्यांसारखं एकच शेवटचं स्टेशन नसतं. काही ५४९९४५ वर थांबतात, काही ६३१७६४ वर, आणि बाकीच्या याच फेरीत फिरत राहतात.

इथेच एक गडबड दिसते

आता ४१३००१ मधल्या एक आणि तीनची अदलाबदल करा. मिळाले ४३१००१. हा छत्रपती संभाजीनगरच्या मुख्य पोस्टाचा पिनकोड आहे!

त्याची बेरीज नऊच. तोही हर्षदच. कापरेकरांच्या प्रयोगात अंक आधी क्रमानं लावायचे असल्यामुळे त्याचा प्रवासही तंतोतंत तोच, पहिल्या वजाबाकीपासून सात स्टॉपच्या फेरीपर्यंत. म्हणजे फक्त अंकांकडे बघणाऱ्या या सगळ्या कसोट्यांना सोलापूर आणि छत्रपती संभाजीनगर यांच्यात काडीचाही फरक दिसत नाही. भाग्यांक सांगणाऱ्यालाही दिसणार नाही.

याचं कारण सोपं आहे. अंक म्हणजे संख्येचा पोशाख. आपल्या हातांना दहा बोटं आहेत म्हणून आपण दहाच्या पटीत मोजतो. आठच बोटं असती आणि आठच्या पटीत मोजलं असतं, तर हीच संख्या १४४६५११ अशी लिहिली गेली असती. तिच्या अंकांची बेरीज येते बावीस. नऊ गेले कुठं? आणि बावीसने या विषम संख्येला भागही जात नाही, म्हणजे हर्षदपणाही गेला. संख्या तीच, फक्त कपडे बदलले.

मग कपडे बदलले तरी बदलत नाही असं काय उरतं?

संख्येच्या पोटात शिरायचं तर

उरतात ते मूळ अवयव. शाळेत शिकलेलं आठवत असेल: दोन, तीन, पाच, सात, अकरा अशा ज्या संख्यांना एक आणि स्वतः यांच्याशिवाय कुणाचाही भाग जात नाही, त्या मूळ संख्या. प्रत्येक मोठी संख्या या मूळ संख्यांच्या गुणाकारातून बनते, आणि फक्त एकाच प्रकारे बनते.

४१३००१ मधून नऊ काढले, म्हणजे तीन दोनदा काढले, की ४५८८९ उरले. हे आणखी फुटतात का? दोनने जात नाही, तीनने नाही, पाचने नाही. मग सात, अकरा, तेरा, सतरा असं एकेक मूळ संख्येनं भागत जायचं. कुठवर? २१४ च्या अलीकडेच फैसला होतो, कारण २१५ चा वर्ग ४६२२५, म्हणजे ४५८८९ च्या पुढे जातो. सातपासून सुरुवात केली तर सलग पंचवीस भागाकार फुकट जातात. सव्विसावा १०९ चा असतो आणि तो बरोबर बसतो: १०९ × ४२१ = ४५८८९.

म्हणजे ४१३००१ = ३ × ३ × १०९ × ४२१. एकूण विभाजक बारा.

आणि त्याच अंकांचा छत्रपती संभाजीनगरचा पिनकोड? ४३१००१ = ३ × ३ × ३ × ३ × १७ × ३१३. विभाजक वीस. बाहेरून जुळे वाटणारे हे दोन आकडे आतून अगदी वेगळे निघाले.

पुणेकर इथं कॉलर ताठ करू शकतात. पुण्याचा मुख्य पिनकोड ४११००१ ही चक्क मूळ संख्या आहे. ६४१ पर्यंतच्या ११६ मूळ संख्यांनी भागून बघा, एकीचाही भाग जात नाही. पुणं कुणाला दाद देत नाही, हे गणितानंही सांगितलं म्हणायचं.

दोन चौकोनी अंगणं

अवयव कळले की संख्येबद्दल असं काही सांगता येतं, जे अंकांकडे बघून कधीच दिसलं नसतं.

सोलापूरकरांच्या ओळखीचा आकडा घेऊ: ६८. सिद्धरामेश्वरांनी शहराच्या परिसरात स्थापन केलेली ६८ लिंगं गड्डा यात्रेमुळे घरोघरी माहीत आहेत. ६८ म्हणजे ६४ अधिक ४, म्हणजेच आठचा वर्ग अधिक दोनचा वर्ग. ६८ चौकोनी फरशा असतील तर त्यांत दोन चौरस अंगणं नेमकी बसवता येतात. सगळ्या संख्यांचं असं होत नाही. ६७ फरशांचं हे जमणार नाही.

४१३००१ फरशा असतील तर? जमतं, आणि एक नाही, दोन प्रकारे जमतं. एका प्रकारात ५७६ बाय ५७६ आणि २८५ बाय २८५ अशी अंगणं. दुसऱ्यात ५५५ बाय ५५५ आणि ३२४ बाय ३२४. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा: ३३१७७६ + ८१२२५, आणि ३०८०२५ + १०४९७६. दोन्हींची बेरीज ४१३००१. तिसरा प्रकार नाही.

रामानुजनमुळे प्रसिद्ध झालेली १७२९ ही संख्या दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येते. सोलापूरचा पिनकोड हा तिचा वर्गांच्या घराण्यातला चुलत भाऊ समजा.

हे आकडे अंदाजानं शोधावे लागत नाहीत. १०९ म्हणजे १० चा वर्ग अधिक ३ चा वर्ग. ४२१ म्हणजे १५ चा वर्ग अधिक १४ चा वर्ग. अशा दोन संख्यांचा गुणाकारही दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येतो, आणि तो कसा मांडायचा याचं सूत्र सातव्या शतकातल्या ब्रह्मगुप्ताच्या नावानं ओळखलं जातं. कोणत्या मूळ संख्या अशा मांडता येतात हे फ्रान्सच्या फर्मानं १६४० मध्ये पत्रातून कळवलं आणि पुढच्या शतकात ऑयलरनं सिद्ध केलं. चारने भागल्यावर बाकी एक उरणाऱ्या मूळ संख्या मांडता येतात, बाकी तीन उरणाऱ्या नाही. १०९ आणि ४२१ या दोघींची बाकी एकच आहे.

शेजारच्या पंढरपूरचा ४१३३०४ मात्र कितीही खटपट केली तरी जमत नाही. कुठल्याही वर्गाला तीनने भागलं की बाकी शून्य किंवा एक उरते, दोन कधीच नाही. त्यामुळे दोन वर्गांच्या बेरजेला तीनने भाग जायचा असेल तर दोन्ही वर्गांना तीनने भाग जायला हवा, आणि तसं असेल तर बेरजेला नऊनेही जाणारच. पंढरपूरच्या पिनकोडची बेरीज पंधरा. तीनने भाग जातो, नऊने जात नाही. विषय संपला.

याचा खिशाशी काय संबंध?

मोठा संबंध आहे. १०९ गुणिले ४२१ हा गुणाकार कागदावर मिनिटभराचा. पण ४५८८९ हातात देऊन अवयव शोधायला सांगितले तर सव्विस भागाकार. जोडणं सोपं, फोडणं अवघड. आता १०९ आणि ४२१ च्या जागी प्रत्येकी साधारण तीनशे अंकी मूळ संख्या ठेवा. गुणाकार कॉम्प्युटरला डोळ्याची पापणी लवायच्या आत येतो. आलेल्या सहाशे अंकी संख्येचे अवयव शोधणं मात्र आजच्या कॉम्प्युटरांच्या आवाक्याबाहेर आहे.

या फरकावर १९७७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी कुलूप बनवलं. त्यांच्या आद्याक्षरांवरून त्याला आरएसए म्हणतात. गुणाकार सगळ्या जगाला सांगायचा आणि अवयव स्वतःकडे ठेवायचे. इंटरनेटवर आपली माहिती सांभाळणाऱ्या महत्त्वाच्या कुलपांपैकी हे एक.

त्याच वर्षी सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर यांच्या सदरात १२९ अंकी संख्या फोडायचं आव्हान छापलं गेलं. १९७५ मध्ये देवळालीच्या कापरेकर मास्तरांची ओळख जगाला करून देणारं सदरही हेच. ती संख्या फुटायला १९९४ साल उजाडलं, आणि त्यासाठी सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी इंटरनेटवरून आपापले कॉम्प्युटर जुंपले होते. आज कुलपासाठी सर्रास वापरली जाणारी संख्या ६१७ अंकी असते.

गंमत म्हणजे, संख्या मूळ आहे की नाही एवढंच ओळखणं त्या मानानं सोपं आहे. त्यासाठीची खात्रीची आणि झटपट रीत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. संख्या फुटते हे कळतं, पण कुठं फुटते ते कळत नाही. बँकेतल्या पैशांची राखण या ‘कुठं’ला उत्तर न सापडण्यावर चालते.

आणि नऊचं खरं काम

मग नऊची बेरीज अगदीच बिनकामाची का? नाही. जुन्या काळी हिशोब लिहिणारे गुणाकार बरोबर आला का हे नऊच्या बाकीवरून तपासायचे. त्याला म्हणतात ताळा. ‘ताळा जमत नाही’ हे आपण आजही बोलतो.

समजा, सगळे पिनकोड बेरजेला नऊने भाग जाईल असेच ठरवले असते. मग ४१३००१ लिहिताना तीनच्या जागी एक पडला, तर बेरीज सात आली असती आणि कॉम्प्युटरनं लगेच अडवलं असतं. आज तो अडवत नाही, कारण ४११००१ हाही खरा पिनकोड आहे, पुण्याचा. सोलापूर आणि पुणं यांच्यात फक्त एका अंकाचा फरक आहे.

पण नऊचा ताळाही सगळं पकडत नाही. घाईत एक-तीनचे तीन-एक झाले, तर बेरीज नऊच राहते आणि पार्सल निघतं छत्रपती संभाजीनगरला. टायपिंगमध्ये अशी अदलाबदल नेहमीचीच. म्हणूनच आधार क्रमांकाचा शेवटचा, बारावा अंक हा ताळ्याचा अंक असतो आणि तो डच गणिती फेरहूफ यांच्या पद्धतीनं काढतात. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटे पडले, तर ही पद्धत चूक हमखास पकडते. डेबिट आणि क्रेडिट कार्डाचा शेवटचा अंकही असाच राखणदार, फक्त त्याची पद्धत वेगळी. कार्डाचा नंबर चुकीचा टाकल्यावर वेबसाइट लगेच लाल होते, ती यामुळेच.

पिनकोडला असा राखणदार अंक नाही. सहाचे सहा अंक पत्ता सांगण्यातच खर्च झालेत. त्यामुळे ताळा बघायचं काम लिहिणाऱ्याचं. फॉर्मवर सबमिट दाबण्याआधी ४, १, ३ याच क्रमानं आलेत ना आणि शेजारी शहराचं नाव सोलापूरच दिसतंय ना, एवढं बघितलं तरी पार्सल घरी येतं.

आणि हातात कॅल्क्युलेटर असेलच, तर स्वतःच्या पिनकोडला दोन, तीन, पाच, सात असं भागायला सुरुवात करून बघा. कुणाचा लगेच फुटेल, कुणाचा शेवटपर्यंत दाद देणार नाही. हे करायला भाग्यांक सांगणाऱ्याला पैसे द्यावे लागत नाहीत.